लढाईच्या वर्षांतली कल्हई

माय,

ती बाधा नव्हती. एवढं एक वाक्य तेव्हा तुझ्यापर्यंत पोचलं असतं तर बाकीचं काही लिहावं लागलं नसतं. तू गेलीस तेव्हा घरात सगळ्यांची खात्री होती की कोणीतरी करणी केली आहे, आणि तूही तेच मानत गेलीस. शेवटच्या दिवसांत तू माझा हात धरून दाराकडे बघत पडून असायचीस, कोणी आत येतंय का म्हणून. जे यायचं ते केव्हाच आत आलेलं होतं. ते चुलीवर बसलेलं होतं, आणि तूच ते रोज राखेनं घासून, धुऊन, पालथं घालून ठेवत होतीस.

आपलं घर अर्जुनी मोरगावहून बैलगाडीनं जायच्या अंतरावर, तलावाच्या पाळीखाली. बाबा गावोगावचं धान विकत घेऊन गोंदियाच्या गिरण्यांना पाठवायचे, त्यामुळे निम्मा महिना बाहेर असायचे आणि जेवायचेही बाहेर. घरात तू, मी, आजी आणि बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या. आत्या लग्न होऊन वर्ष-दीड वर्षात विधवा होऊन परत आली होती. आजीनं, पोटची पोर असूनही, तिला मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, वेगळी चूल मांडून दिली. घरातल्या पितळी भांड्यांना तिनं शिवायचं नाही. मातीच्या मडक्यात भात शिजवायचा, पळसाच्या पानावर वाढून घ्यायचा आणि तिथंच बसून जेवायचं. तुला ते कधी रुचलं नाही. आजीची पाठ वळली की तू कढीची वाटी पदराआड धरून मागच्या दारानं जायचीस आणि आत्या ती तशीच परत पाठवायची. "नका आणू वयनी. बुढीनं पाह्यलं त तुमालेच बोल लावन." तू वाटी घेऊन परत यायचीस आणि ती कढी मग आपण दोघी मिळून संपवायचो.

तुझा माहेरचा पितळी गंज मला अजून दिसतो. जाड बुडाचा, रुंद तोंडाचा, बाहेरून चिंचेनं घासून पिवळाधमक केलेला. दर वर्षी दिवाळीनंतर भंडाऱ्याकडचा एक म्हातारा कल्हईवाला यायचा आणि तो गंज आतून चांदीसारखा करून द्यायचा. मग लढाई सुरू झाली. पहिली काही वर्षं तो आला, पुढे यायचा थांबला. बाबा म्हणाले, कथील समुद्रापलीकडून येतं, तिकडे जपान्यांनी सगळं घेतलंय, आता कुठून आणणार तो. गंजाची कल्हई झिजत गेली, आतून पितळ दिसायला लागलं, कढी त्यात ठेवली की हिरवी पडायची. तू चार वेळा फेकून दिलीस. पितळ उघडं पडलं की त्यातलं आंबट खायचं नाही, हे तुला माहीत होतं, तुझ्या आईनं शिकवलं होतं. त्या बाबतीत तू फार जपायचीस. म्हणून नवा कल्हईवाला गावात आला तेव्हा सगळ्यांत आधी तू गेलीस.

मोहाच्या झाडाखाली त्यानं खड्डा करून कोळसे पेटवले आहेत. त्याची बायको भाता ओढते आहे. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा आहे आणि उजवा पंजा मनगटातून खाली लोंबतो आहे. गंज उचलायचा तर तो कोपरानं रेटतो आणि डाव्या हातात सांडशी धरतो. गंज तापतो, तो नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, मग एक करडी कांडी आतून फिरवतो आणि कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतो. तू गंज उलटसुलट करून बघतेस आणि म्हणतेस, "हे चांदीवानी काऊन नाही दिसत जी?"

"लड़ाई का रांगा है, बाई. आजकल ऐसाच मिलता है." रांगा म्हणजे आपलं कथील.

तू आतून बोट फिरवलंस. बोटावर करडा डाग आला. तो तू पदराला पुसलास आणि त्याला सूपभर तांदूळ दिलेस. तांदूळ त्याच्या बायकोनं घेतले, कारण त्याच्या पंजात सूप धरायचं बळ नव्हतं. त्या दिवशी त्यानं आपल्या आळीतल्या जवळजवळ सगळ्या घरांची भांडी करून दिली. बायका खूश होत्या, पुन्हा भांडी वापरता येणार म्हणून.

त्या हिवाळ्यात तुझी कढी बदलली. ताक तेच, बेसन तेच, पण एक गोडसर चव मागाहून जिभेवर राहायची. तू गूळ घालत नव्हतीस. आजीनं आयुष्यात तुझ्या स्वयंपाकाला बरं म्हटलं नव्हतं, ती एक दिवस वाटी खाली ठेवत म्हणाली, "आता तुह्या हाताले चव आली." तू चुलीकडे तोंड करून बसली होतीस. तुझे कान लाल झालेले मी पाहिले. त्यानंतर तू रोज कढी करायला लागलीस, आंबाडीची भाजी, चिंचेचं सार, सगळं त्याच गंजात. आणि त्याच वेळी तुला दिवस गेले. तुला आंबटाशिवाय दुसरं काही जाईना. आंबील रात्रभर गंजातच मुरायची आणि सकाळी तू ती सगळ्यांआधी प्यायचीस, आणि तू शेवटी जेवायचीस तेव्हाही तळाशी जे उरलेलं असायचं ते खरवडून तूच खायचीस. मी तुझ्या मांडीला लागून बसलेली असायचे. मलाही त्यातलं मिळायचं.

पोट दिसायला लागलं होतं तेव्हा ते मूल गेलं. पुढच्या वर्षी दुसरं गेलं. मग तुझ्या पोटात कळा यायला लागल्या, अशा की तू चुलीपुढून उठून भिंतीला टेकायचीस आणि गुडघे छातीशी घ्यायचीस. तुझा रंग उतरला. तू चिडायला लागलीस. तू, जिनं मला कधी बोट लावलं नव्हतं, एकदा भाताचा दाणा सांडला म्हणून मला पाठीत मारलंस आणि मग स्वतःच्या हाताकडे अशी बघत राहिलीस जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. माझंही पोट दुखायचं. आजीचा उजवा हात धड राहिला नाही. तांब्या उचलला की मनगट खाली पडायचं आणि पाणी सांडायचं. आपण तिघी एका घरात वाळत चाललो होतो. बाबा आठवड्यानं गावाहून आले की आपल्याकडे एकेक करून बघायचे.

मागच्या सांदवाडीत आत्या मात्र ठणठणीत होती. आपलं जेवण पेजेवर आलं होतं आणि ती धान कांडत होती, पाण्याची मडकी भरत होती, आजीचं आणि तुझं अंग दाबून देत होती. तिचे हात भरलेले होते. चेहऱ्यावर तकाकी होती.

आजीनं भगताला बोलावलं. सकाळची वेळ, अंगणात नुकतंच सारवलेलं. तो खाटेवर बसला, तांदळाचे दाणे सुपात पसरले, बराच वेळ पाहिले. मग त्यानं मान वर करून एवढंच विचारलं, "घरात धड कोन आहे?"

मला आठवतं, आजी मागच्या दाराकडे बघत होती. मग बाबा बघायला लागले. मग तू. मीही त्याच दिशेला पाहिलं, कारण सगळे पाहत होते. आत्या कडेवर पाण्याचं मडकं घेऊन दारात उभी होती आणि आपण सगळे तिच्याकडे का बघतोय हे तिला कळायला थोडा वेळ लागला.

"मी कायले असं करीन?" ती म्हणाली. बाबांना म्हणाली, आजीला नाही. "दादा, मी कायले करीन?"

बाबा म्हणाले, "मले काही समजून नाही राहिलं."

तिला दरेकशाला पाठवायचं ठरलं. तिकडे तिच्या सासरकडची एक दूरची म्हातारी होती, जंगलात मोहफुलं वेचून आणि पानं तोडून पोट भरणारी. गाडी जुंपली तेव्हा आळीतल्या बायका आपापल्या दारात पोरांना पोटाशी धरून उभ्या होत्या. कोणीतरी हळूच 'टोनही' म्हणालं, म्हणजे चेटकीण, आणि तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तू आतून उठून आलीस. तुला धड चालवत नव्हतं. तुझ्या हातात तुझ्या माहेरचं दुसरं भांडं होतं, लहान बटलोई, गंजाबरोबरच त्या कल्हईवाल्यानं कल्हई केलेली. "बाई, एवढी तरी न्या," तू म्हणालीस. "तिथं तुमच्यापाशी काही नसन."

"मले नको वयनी. माहं मडकं हाये."

तुला वाटलं तिनं रागानं नाकारली. तू आत येऊन बटलोई फडताळात ठेवलीस आणि तोंडात पदर धरून रडलीस, की तिनं माझ्या हातचं घेतलं नाही म्हणजे तिच्या मनात काहीतरी असेलच. तोवर तुझा तिच्यावर संशय नव्हता, हे मला माहीत आहे. तो त्या बटलोईनं आला. जाताना ती तुला आणखी एक म्हणाली होती, "वयनी, थोडे दिवस माहेरी जाऊन राहा." तू गेली असतीस तर कदाचित. पण तेही सगळ्यांना वाईट वाटलं, घर फोडायला बघते म्हणाले.

आत्या गेली आणि काहीच बरं झालं नाही. तुला पुन्हा दिवस राहिले. आजी म्हणाली, तिनं जाताना काहीतरी पुरून ठेवलं आहे. बाबांनी कुदळ घेऊन आधी सांदवाडी खणली, तिची चूल फोडली, मग आपल्या स्वयंपाकघराची जमीन. दुपार होती. तू कोपऱ्यात बसली होतीस आणि मी तुझ्याजवळ. ओली माती वर येत होती, आजी ती चाळून बघत होती, आणि खड्ड्याच्या काठावर, वीतभर अंतरावर, गंजात आंबील झाकून ठेवलेली होती. एक गंजलेला खिळा सापडला. जुन्या दाराचा असेल. आजीनं तो चिमट्यानं उचलून बाहेर नेला. बाबांनी माती परत लोटली, धुम्मसानं ठोकून सपाट केली, आणि आपण सगळे तिथंच बसून जेवलो.

तू मार्गशीर्षात गेलीस. सकाळी तू भात उतरवत होतीस आणि एकाएकी मला ओळखेनाशी झालीस. मग झटके आले. बाबा गोंदियाला होते, निरोप पोचून ते येईपर्यंत सगळं संपलं होतं. मूलही गेलं. तुला आंघोळ घालणाऱ्या बायका आपापसात म्हणाल्या, हिरड्या बघा कशा काळ्या पडल्यात. दुसरी म्हणाली, काळं दातवण लावत होती ना ती, त्यानंच. सगळ्याच लावत होत्या. म्हणून कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला झटका आला. बाबांनी या वेळी भगताला बोलावलं नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला चादरीत गुंडाळून गाडीनं आणि मग आगगाडीनं गोंदियाला नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. त्यानं माझं पोट दाबलं, डोळे पाहिले, आणि मग अंगठ्यानं माझा खालचा ओठ खाली ओढला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी दातवण लावत नव्हते. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती.

"शिशाचं काही काम करता का घरी? रंग, छापखाना?"

"धानाचा धंदा आहे जी," बाबा म्हणाले.

"घरात आणखी कोणाला त्रास आहे?"

बाबांनी सांगितलं. तुझं सांगितलं, आजीच्या मनगटाचं सांगितलं, गेलेल्या मुलांचं सांगितलं. डॉक्टर लिहायचं थांबला. मग त्यानं विचारलं, "आणि घरात धड कोण आहे?"

बाबा दचकले. मी त्यांच्या मांडीवर होते, मला ते अंगातून जाणवलं. ते म्हणाले, "माही बहीण होती. तिले आमी काढून देलं."

"ती तुमच्यातच जेवायची?"

"नाही. मागं. येगळी चूल होती तिची."

"शिजवायची कशात?"

"मडक्यात," बाबा म्हणाले.

डॉक्टरनं मग कल्हईचं विचारलं. करडी होती का, बोटाला डाग लागत होता का, करून देणाऱ्याचा हात लुळा होता का. माझ्याकडे बघून विचारलं, कढी गोड लागायची का. मी हो म्हटलं. शिसं आंबटात उतरतं आणि गोड लागतं, तो म्हणाला. कथील मिळेना म्हणून लोक त्यात शिसं मिसळतात, काही तर नुसतं शिसंच लावतात. आधी करणाऱ्याला मारतं, मग खाणाऱ्याला, आणि पोटातल्या मुलाला सगळ्यांत लवकर. औषध असं काही नाही. भांडं बंद करा, मुलीला दूध द्या, आणि वाट बघा. तो कल्हईवाला पुन्हा कधी गावात आला नाही. त्याचं काय झालं असेल ते कोणाला विचारावं लागलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी गंज अंगणात नेला आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकून चेंदामेंदा केला. आजी दारात बसून रडत होती, मेलेल्या सुनेची माहेरची वस्तू फोडली म्हणून. तिचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. दरेकशात बसून आत्याच बाबांकडून हे करवून घेते आहे, असं ती म्हणाली. बाबा आळीत घरोघर गेले. ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी कल्हई करून घेतली होती त्या प्रत्येक दारात उभे राहून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, पाणी विचारलं, आणि ते वळले की बायकांनी भांडी उचलून आत ठेवली. पितळ फोडायला कोण धजणार, लढाईच्या दिवसांत. पुढच्या साली पलीकडच्या घरात एक सून गेली, बाळंतपणाआधीच. भगत आला. त्यानं तोच प्रश्न विचारला. आत्या गावात नव्हती, म्हणून या वेळी बोट दुसऱ्या एका बाईकडे गेलं. ती तिच्याच घरच्या विहिरीत सापडली.

बाबा मला घेऊन दरेकशाला गेले. स्टेशनवरून चढणीनं चालत, मी त्यांच्या पाठुंगळी. आत्या झोपडीपुढे मोहफुलं वाळत घालत होती. ती उठली नाही. माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या मागे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून.

"वयनी?"

तिला कोणी कळवलंच नव्हतं, माय. बाबांनी सांगितलं. ती फुलं पसरत राहिली, पण हात एकाच जागी फिरत होता. मग बाबांनी शिशाचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाला ते, आणि घरी चल म्हणाले.

"मंग बटलोई," ती म्हणाली. "वयनी मले बटलोई देत होती."

"हो."

"अन् ती नंतर कोनी वापरली?"

बाबांनी मान वळवून पाठीवरच्या माझ्याकडे पाहिलं. झटका येईपर्यंत माझी पेज तिच्यातच होत असे.

आत्या परत आली नाही. "त्या आळीत मी कायले येऊ? त्या बाया शिसं ऐकतीन का?" ती म्हणाली. मग मला बाबांच्या पाठीवरून उतरवून घेतलं, ओठ उलटून रेघ पाहिली, आणि म्हणाली, "पोट्टीले इथं ठेवून जा." बाबा ठेवून गेले. गावात म्हणाले, पोरगीही टोनहीला देऊन टाकली.

मी तिथं वाढले. मडक्यातला भात, कोदोची पेज, रानातल्या भाज्या. रेघ हळूहळू फिकी झाली. झेंडा बदलला त्या दिवशी दरेकशाच्या स्टेशनावर साखर वाटली, ती आम्ही दोघींनी उभ्यानं खाल्ली. पुढे बाबांनी मला शिकवलं, मी गोंदियाला शाळेत शिकवायला लागले, म्हणून ही पुस्तकी मराठी. तुझी बोली आता फक्त ऐकू येते. मला मूल उशिरा झालं आणि पहिलं राहिलं नाही. ते त्यामुळेच का, हे मी कोणत्याच डॉक्टरला विचारलं नाही.

परवा माझ्या नातसुनेनं पितळी गंज आणला. पुन्हा त्याची आवड आली आहे लोकांना. जुनी भांडी, जुनं जेवण, तब्येतीला चांगलं म्हणतात. आतून चकचकीत आहे. मी विचारलं, कल्हई कोणी केली? ती म्हणाली, आजी, ते तयारच येतं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं, फोनवर काहीतरी पाहिलं, आणि म्हणाली, आता असं करत नाहीत. करत नसतीलही. तिला चौथा महिना आहे आणि तिला आंबट हवं असतं. मी गंज उचलून माझ्या खोलीत आणून ठेवला आहे. ती हसली. मी नसले की तो परत चुलीवर जाईल.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, तुला वाचताही येत नव्हतं. एकच गोष्ट तुला सांगायची राहिली. आत्यानं मला कधी स्वतःला माय म्हणू दिलं नाही. एकदा चुकून तोंडात आलं तर म्हणाली, तुही माय येगळी होती, तिचं नाव मले नको देऊ. ती जाताना मी जवळ होते. तिनं पाणी मागितलं, मी मातीच्या वाडग्यानं पाजलं आणि म्हटलं, घे माय. त्या वेळी तिनं मला दुरुस्त केलं नाही. आणि मला तेव्हा तुझी आठवणही आली नाही.